एका टर्नटेबलवर खरी तबकडी, दुसऱ्यावर लॅपटॉपमधली फाइल: जोडणी कशी करायची, लय कशी सांभाळायची?

सुईधागा
सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या हिंदी-मराठी एलपी आणि लॅपटॉपमधल्या फाइल्स एकाच सेटमध्ये, एकातून दुसऱ्यात जात वाजवायच्या आहेत. सामान असं: दोन डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलं, दर चॅनेलला फोनो/लाइन खटका असलेला दोन चॅनेलचा मिक्सर आणि लॅपटॉप. टाइमकोडच्या दोन तबकड्या (गाण्याऐवजी नुसता एक सूर असलेल्या, त्यावरून सॉफ्टवेअर फाइल चालवतं) आणि एक साउंड कार्ड घ्यायचं आहे.

प्रश्न दोन. खरी तबकडी आणि टाइमकोडची तबकडी एकाच टर्नटेबलवर आलटून पालटून लावायची तर वायरी कशा जोडाव्यात? आणि जुन्या गाण्यांची लय एका जागी थांबत नाही, तिच्याशी फाइल कशी धरून ठेवायची? लय आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणाचा इथे काही उपयोग आहे का?

माझा कल असा आहे की सगळ्या एलपी एकदाच रेकॉर्ड करून फाइल्स कराव्यात आणि पुढे फक्त टाइमकोडवर वाजवावं. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

फोनोस्टेज
वायरींपासून सुरू करतो, निम्मे घोळ तिथेच होतात.

कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या छोट्या भागातून) निघणारा सिग्नल ५ ते १० मिलीव्होल्टचा असतो. लाइन पातळीचा सिग्नल त्याच्या शंभरेक पट मोठा. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. फोनो प्रीअँप हे दोन्ही उलट करतो, त्यालाच आरआयएए म्हणतात. म्हणून तबकडीचा सिग्नल वाटेत एकदा, आणि एकदाच, फोनो प्रीअँपमधून जायला हवा. दोनदा गेला तर आवाज फाटतो. एकदाही गेला नाही तर बारीक, खर्ज नसलेला आवाज येतो. टर्नटेबलच्या मागे फोनो/लाइनचं बटण असेल तर ते कुठे आहे ते आधी बघा, कारण त्याच्या पोटातही एक प्रीअँप आहे.

भरवशाची जोडणी अशी: टर्नटेबल कार्डाच्या इनपुटला, इनपुट फोनोवर. कार्डाचं थ्रू आउटपुट (आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे देणारं) मिक्सरच्या फोनो इनपुटला. कार्डाचं मुख्य आउटपुट त्याच चॅनेलच्या लाइन इनपुटला. दुसऱ्या टर्नटेबललाही हेच. आता मिक्सरचा खटका लाइनवर असला की फाइल आणि फोनोवर असला की खरी तबकडी. अर्थिंगची बारीक वायर टर्नटेबल जिथे पहिल्यांदा जोडलंय त्या यंत्राच्या स्क्रूला लावा. ती लोंबकळत राहिली तर ५० हर्ट्झची घुमघुम ठरलेली.

कार्ड घेताना एक गोष्ट नक्की विचारा: थ्रू हार्डवेअरमधलं आहे की सॉफ्टवेअरमधलं? सॉफ्टवेअरमधलं असेल तर लॅपटॉप अडकला की खरी तबकडीसुद्धा गप्प होते.

डेक्कनकर
थ्रू नसलेली कार्डं बरीच स्वस्त मिळतात. टर्नटेबलच्या आरसीएला (डाव्या-उजव्या आवाजाच्या वायरींना) वाय केबलने फाटा काढून एक टोक कार्डाला आणि दुसरं मिक्सरच्या फोनोला दिलं तर काय बिघडतं?

फोनोस्टेज
बिघडतं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला पुढे ४७ किलोओमचा भार अपेक्षित असतो. दोन फोनो इनपुट समांतर जोडले की तो २३.५ वर येतो आणि दोन्हींकडची कपॅसिटन्स मिळून भर पडते. वरचे सूर मंद होतात. टाइमकोड कसाबसा वाचला जाईल, पण एलपीतली झांज आणि घुंगरू गेलेच म्हणून समजा. त्यापेक्षा दर टर्नटेबलला एक साधा आरसीए ए/बी खटका लावा: एका बाजूला कार्ड, दुसऱ्या बाजूला मिक्सरचं फोनो. विजेशिवाय चालतो, एका वेळी एकच भार पडतो. फक्त आवाज खाली घेऊनच खटका बदला, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन ठोका बसतो.

केरवा_आठ
सिंकचं उत्तर: नाही. फाइलची लय सॉफ्टवेअरला माहीत असते, पण खऱ्या तबकडीवर काय चाललंय ते त्याच्या खिजगणतीत नसतं. त्या बाजूने फक्त आवाज जातोय. तेव्हा सिंक बंद, आणि नियम एकच: तबकडी पुढे, फाइल मागे. जी लवचीक आहे तिनेच वाकावं. फाइलकडे लूप आहे, क्यू (हव्या जागेवर ठेवलेली खूण) आहे, कीलॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारा) आहे. तबकडीकडे फक्त ±८ टक्क्यांची पिचपट्टी आहे.

कृती सांगतो. एलपी शक्यतो शून्य पिचवर ठेवा. टॅप बटणावर निदान १६ मात्रा ठोकून तिची लय काढा. फाइल कीलॉक लावून त्या लयीवर आणा. तिच्या पहिल्या मात्रेवर क्यू ठेवा आणि जिथे नुसता ठेका आहे असा ४ किंवा ८ मात्रांचा लूप धरा. एलपीत कडवं संपून वाद्यांचा तुकडा लागला की समेवर लूप सोडा. यापुढे हात फाइलच्या पिचवर, एलपीला अजिबात हात नाही.

हे का, ते आकड्यात बघा. लय १०० आणि फरक फक्त अर्धा टक्का असेल तर १६ मात्रांना, म्हणजे ९.६ सेकंदांना, ४८ मिलिसेकंदांची तफावत पडते. एवढ्यात ठेका दुहेरी ऐकू येऊ लागतो. त्या काळचं रेकॉर्डिंग क्लिकवर (ठरलेल्या लयीच्या टिकटिकीवर) नसायचं, वादक एकमेकांकडे बघत वाजवायचे आणि अंतऱ्यानंतर लय चढायची. म्हणून दर ८ मात्रांना किंचित दुरुस्ती हवी. ती तबकडीच्या कडेला बोट लावून करू नका, पिचपट्टीने करा. बोटाने फक्त जागा सरकते, वेग तोच राहतो, आणि पुढच्या १६ मात्रांना तोच फरक पुन्हा समोर येतो.

पिंपळपान
+१. सम आली की समोरच्यांच्या माना हलल्या पाहिजेत. नाही हलल्या तर स्क्रीनवर काहीही दिसत असो, मिक्स फसला.

काळी_तबकडी
सगळ्याच एलपींच्या फाइल्स करण्याला माझा विरोध आहे. रेकॉर्ड केल्याने डुलणारी लय सरळ होत नाही, ती तशीच फाइलमध्ये येते. मग सॉफ्टवेअर त्यावर सरसकट एकाच लयीची जाळी टाकतं आणि तिसऱ्या मिनिटाला ती अर्धी मात्रा बाजूला गेलेली असते. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरमध्ये त्या जाळीला हव्या त्या ठिकाणी नवी खूण देता येते, पण मग दर गाण्यामागे बसून ते काम करायला हवं.

दुसरं, खऱ्या तबकडीवर गाणं डोळ्यांना दिसतं. दिवा तिरपा धरा. भरगच्च वाद्यवृंदाचा भाग करडा, खडबडीत दिसतो आणि शांत भाग काळाभोर, चकचकीत. आलाप कुठे संपतो आणि ढोलकी कुठे लागते ते चरांवरून कळतं आणि सुई थेट तिथे टेकवता येते. टाइमकोडची तबकडी सगळीकडे सारखीच दिसते, तिथे पुन्हा स्क्रीनकडेच बघायचं.

न्यूजर्सीकर
काळी_तबकडी, घरगुती बैठकीत हे सगळं खरं. मोठ्या हॉलमध्ये सबवूफर स्टेजखाली असतात आणि त्यांचा खर्ज टेबलातून सुईत शिरतो. खरी तबकडी तो उचलते, मिक्सर पुन्हा सबला देतो आणि घुमारा वाढत जातो. टाइमकोडच्या तबकडीचा आवाज स्पीकरकडे जातच नाही, त्यामुळे हे चक्रच तयार होत नाही. टर्नटेबलखाली जाड काँक्रीटची लादी आणि तिच्याखाली रबर किंवा फोम ठेवा, खऱ्या तबकडीच्या चॅनेलवर ३०-४० हर्ट्झच्या खालचं कापा. तरीही आवरलं नाही तर तेवढी गाणी फाइलमधूनच वाजवा.

रेकॉर्ड करायचंच तर २४ बिट, सर्वात उंच शिखर -६ डेसिबलच्या आसपास, पिच शून्यावर. फ्लॅक किंवा एआयएफएफमध्ये ठेवा, वेव्हमध्ये टॅगची पंचाईत होते. खरखर काढणारे फिल्टर जोरात लावू नका, ते ढोलकीच्या चाटीची धारही घेऊन जातात. मोठा टिक असेल तेवढाच हाताने काढा.

मात्रामोजणी
केरवा_आठ यांच्या पद्धतीत एक भर. दादरा ६ मात्रांचा. सॉफ्टवेअरचे तयार लूप १, २, ४, ८ असे दुपटीत जातात. दादऱ्यावर ४ चा लूप लावलात तर सम प्रत्येक फेरीला सरकते. तिथे इन आणि आउट हाताने दाबून ३ किंवा ६ चा लूप बांधावा आणि क्यूवर जपून ठेवावा. रूपक असेल तर ७. सॉफ्टवेअरने काढलेल्या लयीवरही विश्वास नको. ९० च्या दादऱ्याला ते बिनदिक्कत १३५ म्हणतं, म्हणजे बरोबर दीडपट. असा विचित्र आकडा दिसला की आधी दीडने भागून बघा.

सुईधागा
हे फार कामाचं आहे, मात्रामोजणी. आणखी एक शंका: एलपी +४ वर चालवली तर सुराचं काय? एलपीला तर कीलॉक नाही.

केरवा_आठ
+४ टक्के म्हणजे अर्ध्या स्वराचे सुमारे ०.६८. धड ना हा सूर, ना पुढचा. अख्खा अर्धा स्वर चढायला जवळजवळ ६ टक्के लागतात. म्हणून एलपी शून्यावर ठेवा म्हणालो, किंवा थेट ±६ वर न्या आणि फाइलची की सॉफ्टवेअरमधून अर्ध्या स्वराने हलवा. मधल्या पिचवर असाल तर फाइलमधला फक्त ठेका वापरा, हार्मोनियम-व्हायोलिन असलेला तुकडा त्यावर चढवू नका. अर्थात जुन्या रेकॉर्डिंगचं ट्यूनिंगही दरवेळी ४४० वर असेलच असं नाही. हेडफोनमध्ये षड्ज लावून बघणं हाच खरा उपाय.

गुंतावळ
माझ्या एका टर्नटेबलवर टाइमकोड लावला की गाणं उलटं वाजतं. पुढे फिरवलं तर मागे जातं. सेटिंग सगळी तपासून झाली.

फोनोस्टेज
सेटिंग नाही, वायर. टाइमकोडच्या तबकडीवर डाव्या-उजव्या चॅनेलला एकच सूर असतो, पण ९० अंशांनी मागे-पुढे. सेराटोच्या तबकडीवर तो १००० हर्ट्झचा, ट्रॅक्टर या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरच्या तबकडीच्या पहिल्या आवृत्तीवर २०००, एमके२ वर २५००. सुराच्या उंचीवरून वेग कळतो, कुठला चॅनेल पुढे आहे त्यावरून दिशा कळते, आणि सुराच्या कमीजास्त ताकदीत दडवलेल्या बिटांवरून तबकडीवरची नेमकी जागा कळते. डावं-उजवं आरसीए उलट लागलं की दिशा उलटली.

आरसीए बरोबर असतील तर हेडशेल (कार्ट्रिज बसवायचा टोनआर्मच्या टोकाचा तुकडा) उघडा. पांढरी डावा धन, निळी डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवी उजवा ऋण. एकाच चॅनेलची धन-ऋण जोडी उलटी बसली तरी गाणं उलटं जातं. याची दुसरी खूण म्हणजे त्याच टर्नटेबलवर खरी एलपी मोनोत ऐकली तर मधला आवाज आणि खर्ज जवळजवळ नाहीसा होतो.

टाइमकोडचा सिग्नल सॉफ्टवेअर स्क्रीनवर वर्तुळासारखा दाखवतं, ते वाचायला शिका. गोल आणि बारीक रेघेचं असेल तर ठीक. लंबगोल असेल तर दोन्ही चॅनेलची ताकद समान नाही. नुसती एक रेघ दिसली तर एक चॅनेल मेलेला आहे: हेडशेलच्या मागच्या चार पिना खोडरबराने घासा आणि टोनआर्मची कॉलर घट्ट पिळा. रेघ जाड, केसाळ असेल तर सुईवर धूळ आहे किंवा सुई झिजली आहे.

गुंतावळ
हेडशेलमध्ये निळी-पांढरी उलट होती. आता सरळ चालतंय. आभार, फोनोस्टेज काका.

रिमोटवाला
मंडळी, आजच्या काळात टाइमकोड, सुई, वजन हे सगळं कशाला? फेजसारखा वायरलेस सेन्सर तबकडीच्या मध्यावर ठेवायचा, तो फिरण्याचा वेग पाठवतो. सुईच लागत नाही. घुमारा नाही, सुई उडणं नाही, झीज नाही.

काळी_तबकडी
सुई नाही म्हणजे सुई हवी तिथे टेकवणंही नाही. सेन्सरला तबकडीवरची जागा कळत नाही, फक्त हालचाल कळते. आणि सुईधागांना त्याच टर्नटेबलवर खऱ्या एलपीही लावायच्या आहेत. दरवेळी सेन्सर काढा, एलपी ठेवा, पुन्हा सेन्सर बसवा, शिवाय तो चार्ज करा. फक्त फाइल्स वाजवणाऱ्याला सेन्सर उत्तम. मिश्र सेटला टाइमकोडच सोयीचा.

रिमोटवाला
मान्य, जागेचा मुद्दा बरोबर आहे. पण गर्दीत, हलणाऱ्या स्टेजवर मी सेन्सरच सुचवेन.

न्यूजर्सीकर
हलणाऱ्या स्टेजवर टाइमकोडही रिलेटिव्ह मोडमध्ये चालवता येतो. अॅब्सोल्यूटमध्ये सुई उडाली की गाणंही उडतं. रिलेटिव्हमध्ये सॉफ्टवेअर जागा विसरून फक्त वेग आणि दिशा बघतं, उडी ऐकू येत नाही. तोटा असा की सुई उचलून दुसरीकडे टेकवली तरी गाणं होतं तिथेच राहतं, आणि तबकडीवर चिकटवलेली खूण हळूहळू क्यूपासून सरकते.

चाळीसवाट
थोडं अवांतर. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या तबकड्याही यात घेता येतील का? नाट्यपदं बरीच आहेत.

काळी_तबकडी
थेट वाजवू नका. एलपीची सुई ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ला साधारण ३ मिलची लागते. बारीक सुई चराच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर देते. शिवाय टेक्निक्सच्या जुन्या एसएल-१२०० एमके२ ला ७८ चा वेगच नाही, एमके७ ला आहे. तुमच्याकडे वेग नसेल तर ३ मिलची सुई लावून ४५ वर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदला, त्यात ४५ वरून ७८ चा तयार पर्याय आहे. वेग सुमारे ७३ टक्के वाढतो. फक्त ते फोनो प्रीअँपशिवाय, सरळ रेकॉर्ड केलं तर बरं: आरआयएए ४५ च्या वेगाला लागलं की वेग वाढवल्यावर सगळी वळणं चुकीच्या जागी जातात. पन्नासच्या दशकाआधीच्या तबकड्यांना तसंही आरआयएए लागू नाही, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. कानाने ठरवा.

पिंपळपान
आणि ७८ ची तबकडी धुताना त्यात आयसोप्रोपिल अजिबात नको. अल्कोहोलात लाख विरघळते. एलपीवरची पावसाळी बुरशी मात्र त्यानेच जाते: चार भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल, दोन थेंब भांड्यांचा साबण. मऊ ब्रशने चरांच्या दिशेने, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. लेबल कोरडं ठेवा. पुठ्ठ्याच्या जॅकेटला बुरशीचा वास असेल तर तबकडी नव्या आतल्या पिशवीत घाला, नाहीतर पुढच्या आषाढात पुन्हा तेच.

डेक्कनकर
जपानहून आलेली सेकंडहँड टर्नटेबलं घेताय का? ती १०० व्होल्टची असतात. २३० वर थेट लावली तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. २३० ते १०० चा स्टेपडाउन घ्या, १०० व्हीएचा एका टर्नटेबलला भरपूर. डायरेक्ट ड्राइव्ह असल्याने ५०-६० हर्ट्झच्या फरकाने वेग बदलत नाही.

सुईधागा
सगळ्यांचे आभार. आता ठरवलंय ते असं: हार्डवेअर थ्रू असलेलं कार्ड. केरवा-दादऱ्याच्या चांगल्या स्थितीतल्या एलपी थेट, चरे पडलेल्या किंवा दुर्मीळ एलपी रेकॉर्ड करून. सिंक बंद, तबकडी पुढे आणि फाइल मागे. दोन्ही टर्नटेबलांवर एकाच जातीचं डीजे कार्ट्रिज, सुईवरचं वजन ३ ग्रॅम. काही राहिलं का?

फोनोस्टेज
दोन गोष्टी. ३ ग्रॅम हा आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असेल तरच. बऱ्याच ऑर्टोफोन काँकॉर्डना तेवढं चालतं, पण घरगुती श्रवणाच्या कार्ट्रिजवर एवढं वजन टाकलं तर सुईही जाते आणि एलपीही. दुर्मीळ एलपीवर मागे-पुढे घासून क्यू शोधू नका, ते काम रेकॉर्ड केलेल्या फाइलवर करा.

दुसरं, आवाजाची पातळी. जुनी एलपी आजच्या फाइलपेक्षा बरीच हळू वाजते. एलपीच्या चॅनेलचा ट्रिम (आत येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारा नॉब) आधी लावा, मीटर शून्याच्या आसपास आणा, मग फाइलचा ट्रिम त्याच्याशी जुळवून खाली घ्या. उलट क्रमाने गेलात तर एलपीला ओढून ओढून वर न्यावं लागतं आणि तिच्याबरोबर खरखर आणि घुमाराही वर येतो. एकात एक मिसळताना फाइलचा खर्ज पूर्ण बंद ठेवा. आजच्या फाइलचा सबबास आत आला की एलपीतला तबल्याचा बायाँ ऐकूच येत नाही. एलपी काढून घेताना मग खर्ज हळूहळू उघडा.

केरवा_आठ
टाइमकोडचं कॅलिब्रेशन (सॉफ्टवेअरला सुईच्या सिग्नलशी जुळवून घेणं) हॉलमध्येच करा, घरी केलेलं चालत नाही. सुई थांबलेल्या टाइमकोड तबकडीवर ठेवायची आणि दुसऱ्या चॅनेलवरून संगीत प्रत्यक्ष जेवढं मोठं वाजणार तेवढं सोडायचं. मगच नॉइजची पातळी लावायची. शांत खोलीत लावलीत तर स्पीकर सुरू झाल्यावर तबकडी थांबलेली असूनही फाइल आपोआप पुढे सरकते.

सुईधागा
आणि लॅपटॉप मध्येच अडकला तर?

केरवा_आठ
फाइल वाजत असताना दुसऱ्या टर्नटेबलवर एक खरी एलपी कायम तयार ठेवा: सुई पहिल्या चरावर, खटका फोनोवर, ट्रिम लावलेला, फेडर खाली. अडकलं की ती सोडा आणि एक बाजू वाजू द्या. तेवढ्या वेळात लॅपटॉप पुन्हा सुरू होतो.